सुतकातली आमसभा

ढिवराच्या बाईनं मासोळी सोडली असं कोणी सांगितलं असतं तर चिचटोल्यात लोक पोट धरून हसले असते. कोंबडी एकवेळ दाणे सोडेल, पण ढिवरीण मासोळी? छे! पण धुरपतानं सोडली. भर दुपारी, मच्छीमार संस्थेच्या दारासमोर, चारचौघांच्या देखत तिनं पायातली चप्पल काढली, तलावाकडे तोंड केलं आणि म्हणाली, "त्या हिरालालले खुर्चीवरून खाली नाही ओढलं तवर माह्या चुलीवर मासोळी चढनार नाही. चढली तं मी माह्या बापाची नाही!"

लोकांनी तोंडात बोटं घातली. मासोळीपायी नव्हे, नावापायी. हिरालाल तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा चुलतभाऊ. भासऱ्यापुढे बाईनं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही, त्याचं नाव तर जिभेवर आणायचंच नाही. लग्न झाल्यापासून धुरपतानं हे सारं पाळलं होतं. त्या दिवशी मात्र तिनं ते नाव असं घेतलं, जसा तोंडातला काटा थुंकावा.

कारणही तसंच होतं. संस्थेच्या दारावर निवडणुकीची कच्ची मतदार यादी लागली होती. तिच्यात धुरपताचं नाव नव्हतं. तिच्या दिराचं नव्हतं, जावेचं नव्हतं. भाऊबंदांची सहा घरं, सगळी पिढ्यान् पिढ्या तलावात जाळं टाकणारी, पण एकाचंही नाव नव्हतं. भाऊबंदांपैकी सातव्या घरचं एकच नाव यादीत होतं, आणि तेही पहिल्या ओळीत. हिरालालचं.

हे झालं कसं, ते ऐका. चिचटोला पवनीपासून मोटारसायकलनं अर्ध्या तासावर. गावाला मोठा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आणि त्याची मासेमारी ढिवरांच्या सहकारी संस्थेकडे. गोंदिया वेगळा होऊन भंडारा जिल्हा अर्धा झाला, कार्यालयं इकडची तिकडे गेली, सरकारं आली नि गेली, पण संस्थेची अध्यक्षाची खुर्ची हिरालालच्या बुडाखालून काही हलली नाही. अलीकडे त्याच्या डोक्यात एक ठेकेदार शिरला होता. तलाव ठेकेदाराच्या हवाली करायचा, जाळी त्याची, गाडी त्याची, आणि ढिवरांनी त्याच्या हाताखाली रोजीनं मासे धरायचे. त्यात हिरालालला काय मिळणार होतं ते गावातलं शेंबडं पोरही सांगू शकत होतं.

त्याला आडवा आला तो त्याचाच भाऊ. धुरपताचा नवरा, श्यामराव. शांत माणूस, पण एकदा नाही म्हणाला की नाही. "आपल्याच पाण्यात आपण मजूर कायले व्हाचं?" एवढंच तो घरोघरी जाऊन विचारायचा. सहा घरं त्याच्या मागे उभी राहिली, बाहेरचीही काही वळू लागली. हिरालालला घाम फुटायला लागला. आणि तेवढ्यात श्यामरावला कावीळ झाली. झाडपाल्याचं औषध झालं, भंडाऱ्याचा दवाखाना झाला, पण माणूस राहिला नाही.

हिरालाल तिरडीला पुढून खांदा द्यायला. हिरालाल हंबरडा फोडायला. गाव म्हणालं, भाऊ असावा तर असा! आणि त्याच आठवड्यात संस्थेचा उपाध्यक्ष सेवकराम, म्हणजे हिरालालची सावलीच, आमसभेची नोटीस दारावर चिकटवून गेला. तारीख? श्यामराव गेल्याचा नववा दिवस.

आता ढिवराचं सुतक म्हणजे काय ते ठाऊक असलेल्याला पुढचं सांगायला नको. तेरवी होईतो भाऊबंदांचं जाळं पाण्याला लागत नाही. सुतकातला माणूस दुसऱ्याच्या दारी जात नाही, देवळात जात नाही, चार लोकांच्या सभेत तर जाऊन बसतच नाही. सहाही घरं आपापल्या उंबरठ्याच्या आत बसली होती. आणि नव्या कायद्याचा नियम असा, की पाच वर्षांत एकाही आमसभेला जो हजर नाही तो क्रियाशील सभासद नाही, त्याला मत नाही. हिरालालनं चार वर्षं आमसभा घेतलीच नव्हती. कोण विचारतो? निवडणूक डोक्यावर आल्यावर घेतली ती ही एकच. तिला जो बसला तो मतदार, जो नाही बसला तो कटला.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ना, ते हे. ढिवरांना ढिवराच्याच रीतीत गुंतवून मारायचं हे बाहेरच्या ठेकेदाराला सात जन्मांत सुचलं नसतं. ते सुचायला घरचाच माणूस लागतो.

धुरपतानं मासोळी सोडली आणि दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला वकिलाकडे गेली. रुचिका वकील म्हणजे पवनीच्या जुन्या विणकर घरातली पोरगी, धुरपताकडून दर बाजारी झिंगे घेणाऱ्या बाईची लेक. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"काकू, हरकत घेऊ. सुनावणी लागेल. सुतक होतं हे सहकार खात्याच्या साहेबांपुढे सिद्ध झालं, की तुमची गैरहजेरी माफ होऊ शकते. नावं परत येतील."

"आन त्याचं?"

"त्यांचं कसं जाईल? ते तर सभेला हजर होते."

"नोयता," धुरपता म्हणाली. "तो घरीच होता."

रुचिकानं पेन खाली ठेवलं.

गोष्ट अशी होती. दोन्ही घरांचं आंगण एकच. त्या नवव्या दिवशी धुरपता कोपऱ्यात बसली होती, आणि उघड्या दारातून तिला समोरच्या ओसरीवर हिरालाल चटईवर पडलेला दिसत होता. सभेची वेळ झाली, टळली, तरी तो हलला नाही. हलणार कसा? उंबरठ्यावर त्याची माय, तुळसाबाई, ठाण मांडून बसली होती. हिरालाल साऱ्या तालुक्याला भीत नसे, पण मायला भ्यायचा. दिवस कलल्यावर सेवकराम पिशवीत सभेचं हजेरी-रजिस्टर घेऊन आला, दोघं गोठ्यात गेले आणि सही झाली. म्हणजे सभा सेवकरामनं घेतली आणि हजेरी हिरालालची लागली.

"हे सांगणार कोण? सभेला बसलेले सगळे त्यांचेच, आणि तुम्ही सांगून चालणार नाही, काकू. तुम्ही तक्रारदार."

"त्याची माय सांगन."

"पोटच्या पोराविरुद्ध?"

"विरुद्ध कायले? ते तं त्याचं कवतिक करन."

आणि ते खरं होतं. तुळसाबाई म्हातारी झाली होती, नजर अधू झाली होती, पण डोकं शाबूत होतं आणि त्या डोक्यात एकच अभिमान होता. श्यामरावची माय त्याच्या बाळंतपणातच गेली, तेव्हा तुळसाबाईच्या अंगावर हिरालाल पीत होता. तिनं दुसऱ्या बाजूला श्यामला लावलं. दोघं एका थानाचे. श्यामराव गेला तेव्हा ती भुईवर झोपली, आणि नंतर पाणवठ्यावर, दुकानात, देवळाच्या पायरीवर येईल त्याला सांगत सुटली, "माह्या हिरानं तेरा दिवस उंबरठा नाही ओलांडला. भावाचं सुतक कसं पाळावं ते त्याले पाहून शिका." कायद्याचं तिला काय ठाऊक? यादीत नाव राहायला सभेत बसावं लागतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

रुचिकानं समोरची फाईल मिटली. मग म्हणाली, "काकू, हे बरं नाही. आपलं काम नावापुरतं आहे. म्हातारीला यात ओढू नका."

"तुमचं काम नावापुरतं हाय, बाई. माहं नाही. माह्या नवऱ्याची राख थंडी होऊन नोयती राहिली, आन त्यानं त्याच्या मरणाचा गळ करून आम्हाले धरलं. त्याले मी सोडू?"

सुनावणीच्या दिवशी सगळे टेम्पोतून पवनीला निघाले. धुरपतानं म्हातारीला नवं लुगडं नेसवलं, केसांना तेल लावलं, हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं.

"कुठं नेऊन राहिली व मले?"

"मोठ्या साहेबापुढं. मोठमाय, तू रोज सांगते न, हिरानं सुतक कसं पाळलं? तेच साहेबाले सांगाचं."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

म्हातारी खूश झाली. पोराचं नाव साहेबापर्यंत गेलं म्हणून वाटेत ड्रायव्हरलाही तिनं सारी कथा सांगितली. धुरपताला लाज वाटली का? वाटली असेल तर तिनं ती गिळली. रोज संध्याकाळी शेजारच्या चुलीवरची मासोळी हुंगून ती असंच काही गिळत आली होती.

कार्यालयातली खोली माणसांनी भरून गेली. टेबलामागे साहेब, एका बाजूला हिरालाल पांढऱ्याशुभ्र कपड्यात, शेजारी सेवकराम. धुरपतानं म्हातारीला बाहेर व्हरांड्यात बाकावर बसवलं होतं. हिरालालनं तिला पाहिलंच नव्हतं.

साहेब माणूस सरळ होता. त्यानं विचारलं, "अध्यक्ष, हे लोक म्हणतात त्या वेळी सुतक होतं, म्हणून येता आलं नाही. तुमचं काय म्हणणं?"

हिरालाल उठला. भाषणाची सवय जाते का कुठं? छाती पुढे काढून म्हणाला, "साहेब, सुतक काय त्यायलेच होतं? मरणारा माहा भाऊ होता. सख्ख्यापरीस सख्खा. मले काय दुःख नोयतं? पण म्या म्हटलं, आधी संस्था, मंग घर. सुतक बाजूला ठेवलं आन सभेले जाऊन बसलो. कर्तव्य म्हणून."

रुचिका पटकन उभी राहिली. "साहेब, अध्यक्षांनी स्वतःच कबूल केलं. सभेच्या दिवशी या घरांना सुतक होतं, आणि ते त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी तीच तारीख ठरवली."

हिरालालचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. बढाईच्या भरात आपण काय बोलून गेलो हे त्याला कळेपर्यंत साहेबानं लिहायला घेतलंही होतं. मागं बसलेल्या भाऊबंदांत कुजबुज उठली. पण ती यादीतल्या नावांवरून नव्हती. सुतक बाजूला ठेवलं! हे तो चारचौघांत, ताठ मानेनं सांगतो?

रुचिकानं धुरपताचा हात दाबला. "झालं काकू. नावं आली समजा. आता बसा."

इथं थांबली असती तर गोष्ट इथंच संपली असती आणि धुरपता घरी जाऊन कधीतरी सुखानं जेवली असती. पण सूड अर्ध्यावर सोडता येत नाही, भात अर्धा शिजवून उतरवता येत नाही तसा. धुरपतानं पदर डोक्यावर नीट ओढला आणि आयुष्यात पहिल्यांदा भासऱ्याकडे बोट केलं.

"साहेब, हे सभेत नोयतेच. घरी होते. माह्यापाशी साक्षीदार हाय."

आणि ती व्हरांड्यात जाऊन तुळसाबाईला हाताला धरून आत घेऊन आली.

हिरालालचा चेहरा राखेसारखा झाला. म्हातारीनं टेबल चाचपलं, आवाजाच्या दिशेनं हात जोडले आणि सुरू झाली. "साहेब, माह्या हिरासारखा पोरगा कोणाच्या पोटी नाही येत. तेरा दिवस उंबरठा नाही ओलांडला त्यानं. मी दारातच बसली होती न. त्या सभेच्या दिवशी दिवसभर चटईवर पडून होता. या सेवकरामले पुसा, हा आलता सांजेले. गोठ्यात काय तं बोलले, पण माहा हिरा घराबाहेर गेला नाही, बाप्पा. भावाचं सुतक त्यानं नाही मोडलं. कोणी म्हणत असन तं झूट बोलते."

साहेबानं चष्मा काढला.

"अध्यक्ष, तुमच्या आई सांगतात तुम्ही घरी होता. तुमची सही सांगते तुम्ही सभेत होता. घरी असाल, तर ही हजेरी खोटी आणि तुमचं नाव यादीत राहत नाही. काय खरं?"

याच क्षणासाठी धुरपतानं जिभेला चव लागू दिली नव्हती. आता तो म्हणेल घरी होतो, आणि गेला खड्ड्यात. मायपुढे दुसरं काही म्हणायची त्याची छाती नाही, अशी तिची पक्की खात्री होती. तिनं सगळं जोखलं होतं, पण एक गोष्ट जोखली नव्हती. खुर्चीत इतकी वर्षं बसलेल्या माणसाला कोणाची भीती जास्त, मायची की खुर्ची जाण्याची, हे तिला ठाऊक नव्हतं.

हिरालालनं मायकडे पाहिलं नाही. सेवकरामकडेही नाही. टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत तो म्हणाला, "साहेब, म्हातारीचं डोकं फिरलं हाय. श्याम गेला तवापासून काहीबी बोलते. पागल झाली. तिच्या बोलण्यावर नोका जाऊ. मी सभेतच होतो."

"होते, साहेब," सेवकराम लगेच म्हणाला. उंदराला मांजर साक्ष!

तुळसाबाईचे जोडलेले हात तसेच राहिले. मग हळूहळू खाली आले. साहेबानं निकाल सांगितला तो तिच्या कानावर पडला का, देव जाणे. सहाही घरांची गैरहजेरी माफ, नावं यादीत. हिरालालचीही हजेरी सहीनिशी, साक्षीनिशी, म्हणून त्याचंही नाव कायम.

बाहेर आल्यावर हिरालालनं तिचा दंड धरला. "चाल माय, घरी."

म्हातारीनं दंड सोडवून घेतला. "कोण हाय बाप्पा तू? पागल बाईले घर-दार काय समजते?" आणि हात हवेत चाचपत म्हणाली, "धुरपता, मले टेम्पोत बसव."

त्या दिवसापासून तुळसाबाई आंगण ओलांडून धुरपताच्या घरी राहायला आली. हिरालाल दोनदा न्यायला आला, आंगणात उभा राहिला, "माय, माय" म्हणून थकला. ती भिंतीकडे तोंड करून बसली. गावानं हे सगळं पाहिलं. यादीत नाव राहिलं हिरालालचं, पण ज्यानं भावाचं सुतक मोडलं म्हणून सांगितलं, सांगण्यासाठी मायला पागल ठरवलं, त्याला मत द्यायला हात कोणाचा उठेल? सेवकरामच्या घरचीही मतं फुटली म्हणतात. हिरालाल असा आपटला की मतमोजणी संपायच्या आधीच मागच्या दारानं निघून गेला. ठेकेदाराची गाडी पुन्हा गावात दिसली नाही. तलाव ढिवरांकडे राहिला, आणि संचालक म्हणून धुरपता निवडून आली.

गुलाल अंगावर घेऊनच ती तलावावर गेली आणि दिरानं धरलेली सगळ्यांत मोठी मरळ मागून घेतली. घरी येऊन तिनं ती स्वतः कापली, जवसाच्या तेलात तळली, रस्सा केला, वर मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरला. सारं घर त्या वासानं भरलं. तोंडाला सुटलेलं पाणी गिळत तिनं पहिलं ताट म्हातारीपुढे ठेवलं. आज तिचं पोट आणि सूड दोन्ही भरणार होते.

"मोठमाय, जेव. पडला एकदाचा तुहा... पडला तो."

तुळसाबाईनं वाकून वास घेतला आणि ताट सरकवून दिलं.

"घरात सुतक असताना मासोळी शिजवते का व?"

धुरपता तिच्याजवळ सरकली. म्हातारी खरंच भ्रमली की काय? "मोठमाय, ह्यायचं सुतक कवाच फिटलं. तेरवी झाली, तूच नोयती का बसली?"

"श्यामचं नाही म्हणत मी. हिराचं."

"काय बोलून राहिली? ते जिते हायत. समोरच्या ओसरीवर बसले हायत."

"मले मालूम हाय जिता हाय तो," तुळसाबाई म्हणाली. आवाज अगदी शहाणा होता. "म्हणून तं फिटत नाही. तू मले हाताले धरून नेलं न साहेबापुढं? तुह्यापुढंच गेला तो. मी ज्या घरात हावो त्या घरात सुतक राहीन. तुले मासोळी खाची असन तं मले दुसऱ्याच्या ओसरीवर बसवून ये."

धुरपता ताटासमोर बसून राहिली. आंगणापलीकडे हिरालाल गुडघ्यात मान घालून बसला होता. त्याला पाहून अजूनही तिचे दात-ओठ आवळत होते, खोटं कशाला बोला. पण म्हातारीला उठ म्हणायला तिची जीभ उचलेना. शेवटी तिनं मरळीच्या भांड्यावर झाकण ठेवलं, शेजारच्या जावेला हाक मारून ते तिच्या हवाली केलं, चूल सारवली आणि दोघींपुरतं तुरीचं वरण शिजत घातलं.